दुखणं किती वेळ राहिलं?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आली: दुखतं, थोड्या वेळानं थांबतं, मग दाखवायचं कशाला? काही दुखण्यांत दाखवायची खरंच गरज नसते. काही मात्र आपोआप थांबली म्हणूनच दाखवावी लागतात. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं काढली आहेत. औषधांचं प्रमाण दिलं आहे ते एरवी निरोगी असलेल्या प्रौढासाठी. मूत्रपिंड, यकृत किंवा हृदयाचा आजार असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही घेऊ नये.

प्रश्न : वय २५, साखरपुडा झालाय. होणारी बायको आणि मी भेटतो तेव्हा तास-दीड तास जवळीक होते, त्यापुढे जात नाही. परतताना गाडीवर बसवत नाही इतकं खाली जड होतं. दोन्ही गोट्यांत ठणका, ओटीपोटात ओढल्यासारखं. दोन तासांत कमी होतं. मित्र म्हणतो, वीर्य आत अडकून गाठी होतात. चड्डीला चिकट पाणीही लागलेलं असतं. — पुणे

उत्तर : गाठ वगैरे काही होत नाही. उत्तेजना आली की लिंगाकडे आणि वृषणांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या रुंदावतात. त्याच वेळी रक्त परत नेणाऱ्या शिरांवर दाब पडून निचरा मंदावतो. वृषणं थोडी फुगतात आणि वर ओढली जातात. वीर्यपात झाला की हा साठा काही मिनिटांत ओसरतो. नाही झाला तर तेच रक्त सावकाश उतरतं. वृषणाभोवतीचं आवरण फारसं ताणलं जात नाही, त्यामुळे आतली थोडीशी सूजही जड, बोथट ठणक्यासारखी जाणवते. ओटीपोट आणि मांडीत ओढल्यासारखं वाटतं तेही यातलंच. वीर्य अडकायचा तर प्रश्नच नाही. शुक्रजंतू रोज बनत असतात आणि बाहेर न पडलेले शरीरात जिरून जातात.

त्रास लवकर थांबवायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे घरी येऊन हस्तमैथुन करून मोकळं होणं. ते शक्य नसेल किंवा करायचं नसेल तर घट्ट जीन्स आणि पट्टा सैल करा, लघवी करून या आणि पंधरा-वीस मिनिटं साधं चाला, म्हणजे मांड्यांकडे रक्त वळतं आणि लक्षही दुसरीकडे जातं. नंतर आडवं पडून टॉवेलची गुंडाळी वृषणांच्या पिशवीखाली आधाराला ठेवा. गार पाण्यात पिळलेलं फडकं दहा मिनिटं ठेवलं तरी चालतं, पण बर्फ थेट कातडीला लावू नका. कुणाला कोमट पाण्याच्या अंघोळीनं जास्त बरं वाटतं, तेही चालेल. दाबून मालिश मात्र करू नका, फुगलेल्या वृषणाला ती सोसत नाही. गोळीची गरज सहसा पडत नाही. पडलीच तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक.

पत्रात विचारलेलं नाही, पण सांगायला हवं. हा ठणका होणाऱ्या बायकोपुढे मागणी म्हणून ठेवायची गोष्ट नाही. त्यानं कसलीही इजा होत नाही आणि तो घालवायला दुसऱ्या कुणाची गरज लागत नाही.

चिकट, पारदर्शक पाणी हे मूत्रमार्गालगतच्या छोट्या ग्रंथींचं वंगण आहे. उत्तेजना आली की ते येतंच, आणि त्याला धातू जाणं म्हणत नाहीत. मात्र त्यात शुक्रजंतू असू शकतात. म्हणून 'ऐनवेळी बाहेर काढतो' या उपायावर पुढे भिस्त ठेवू नका.

दुखणं एकाच बाजूला असेल, उत्तेजनेशिवाय सुरू झालं असेल, दुसऱ्या दिवशीही टिकलं असेल, ताप किंवा लघवीला जळजळ असेल, तर ते हे दुखणं नव्हे. त्यासाठी पुढचं पत्र वाचा.

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा. रात्री तीनला पोटात दुखतंय म्हणून उठला, दोनदा उलटी झाली. खूप विचारल्यावर म्हणाला, डाव्या गोटीत दुखतंय. सकाळी दवाखान्यात न्यायच्या आधीच एकदम थांबलं, आता खेळतोय. महिन्यापूर्वीही असंच झालं होतं, असं आता सांगतो. लाजतो, दाखवायला नको म्हणतो. — लातूर

उत्तर : ताई, दुखणं थांबलं असलं तरी आजच दाखवा, आणि शक्यतो मूत्ररोगतज्ज्ञ किंवा मुलांच्या सर्जनकडेच.

वृषण एका दोरीला लटकलेलं असतं. रक्तवाहिन्या आणि शुक्रनलिका याच दोरीतून जातात. एरवी ते मागच्या बाजूनं पिशवीला चिकटलेलं असतं. काही मुलांत ही चिकटण जन्मतःच अपुरी असते आणि वृषण मोकळं फिरू शकतं, बहुतेकदा दोन्ही बाजूंना. ते स्वतःभोवती फिरलं की दोरीला पीळ पडतो. आधी रक्त परत नेणारी शीर बंद होते, मग रक्त आणणारी. दुखणं एकदम, जोरात सुरू होतं, बऱ्याचदा झोपेत. कधी पीळ आपोआप सुटतो आणि दुखणं आलं तसंच एकदम जातं. तुमच्या मुलाचं वर्णन याच्याशी जुळतं. पुढच्या वेळी पीळ सुटेलच याची खात्री नाही.

हा आजार बारा ते अठरा या वयात सर्वाधिक दिसतो. पीळ पडल्यापासून सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर दहांतली नऊहून अधिक वृषणं वाचतात. चोवीस तासांनंतर वाचलेलं विरळाच. वेळ वाया जातो तो ठरावीक ठिकाणी. मुलगा लाजून 'पोटात दुखतं' म्हणतो. यात खोटेपणा नसतो, कारण गर्भात वृषणं पोटातच तयार होऊन खाली उतरतात आणि त्यांच्या नसा तिथूनच येतात, त्यामुळे खरंच पोटात दुखतं. मग गॅसचं किंवा पोटदुखीचं इंजेक्शन मिळतं आणि सकाळची वाट पाहिली जाते. सकाळी सोनोग्राफीवाले अकराला येतात. लक्षणं स्पष्ट असतील तर सर्जन सोनोग्राफीसाठी थांबत नाही. थेट उघडून पाहणं हाच योग्य निर्णय असतो.

पुन्हा असं झालं तर मुलाला खायला-प्यायला काही देऊ नका, कारण भूल द्यावी लागेल. किती वाजता दुखायला लागलं ते लिहून ठेवा. जवळचा दवाखाना न धरता, ज्या रुग्णालयात रात्री सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघं आहेत ते गाठा. आजच फोन करून हे विचारून ठेवलंत तर त्या रात्री धावपळ होणार नाही. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. कॅज्युअल्टीत पोचल्यावर 'पोट दुखतंय' न म्हणता 'वृषणाला पीळ पडला असावा' हे शब्द वापरा. दुखरं वृषण वर चढलेलं किंवा आडवं दिसलं तर तेही सांगा.

आता दुखत नसताना तपासणी साधी वाटेल, सोनोग्राफीही कदाचित चांगली येईल. तरी असे दोन-तीन झटके येऊन गेले असतील तर दोन्ही वृषणं टाक्यांनी पिशवीला बांधून घ्यायचा सल्ला दिला जातो. शस्त्रक्रिया लहान आहे, मुलं बहुतेकदा दुसऱ्या दिवशी घरी येतात. आणि मुलाला एवढंच सांगा की इथं दुखलं तर मध्यरात्रीही उठवायचं, कुणी रागावणार नाही.

प्रश्न : रिक्षा चालवतो, वय ३१. संध्याकाळपर्यंत डाव्या बाजूला जड होतं, ओढ लागते. झोपलं की जातं. उन्हाळ्यात जास्त. हाताला शिरा लागतात. — सोलापूर

उत्तर : वृषणाच्या शिरा फुगल्या असाव्यात. याला व्हेरिकोसील म्हणतात आणि साधारण सातांत एका पुरुषाला तो असतो. डाव्या बाजूलाच जास्त दिसण्याचं कारण नळजोडणीत आहे: डाव्या वृषणाची शीर वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, तिथं दाब जास्त, झडपा कमजोर पडल्या की रक्त खाली उतरून साचतं. उभं राहिलं, तासन्‌तास बसलं, ऊन वाढलं की साठा वाढतो. झोपलं की ओसरतो.

घरी पाहायचं तर कोमट पाण्यानं अंघोळ केल्यावर उभं राहून पाहा. पिशवी सैल असते तेव्हा वृषणाच्या वर आणि मागे गांडुळांची पुरचुंडी हाताला लागावी तसं लागतं. झोपल्यावर तेच जवळजवळ नाहीसं व्हायला हवं. झोपूनही शिरा तशाच राहिल्या, फक्त उजव्याच बाजूला असल्या किंवा अलीकडे अचानक फुगल्या असतील तर पोटाची सोनोग्राफी करून मूत्रपिंड पाहून घ्यावं लागतं. जांघेत खोकताना फुगवटा येत असेल तर तो अंतर्गळ असू शकतो. वृषणातच दगडासारखी टणक गाठ लागली, मग ती दुखो वा न दुखो, तर आठवड्याच्या आत दाखवा. वृषणाचा कर्करोग तरुण वयातच जास्त होतो आणि लवकर सापडला तर बहुतेकदा पूर्ण बरा होतो.

तुमच्या त्रासासाठी आधार देणारी घट्ट अंतर्वस्त्रं किंवा सपोर्टर वापरा, दर दोन तासांनी दहा मिनिटं उतरून चाला. शस्त्रक्रियेचा विचार करायचा तो दुखणं रोजचं झालं तर, वृषण आकारानं लहान होत चाललं तर, किंवा मूल होत नसून वीर्यतपासणीत दोष निघाला तर. शिरा दिसतात एवढ्यासाठी नको.

प्रश्न : वय ४६, मधुमेह आहे. पुढची कातडी चिरते, खाज, पांढरं साचतं. मागे सरकवायला गेलं की दुखतं. मेडिकलमधून मलम आणलं, दोन दिवस बरं वाटलं, मग पहिल्यापेक्षा जास्त. बायकोलाही खाज आहे. — नाशिक

उत्तर : हा बुरशीचा संसर्ग आहे, आणि त्याला खाद्य मिळतं ते लघवीतल्या साखरेचं. कातडीखाली ओल आणि ऊब असते, तिथं बुरशी फोफावते. कातडी सुजते, ताठर होते, मागे ओढली की उभ्या चिरा पडतात. चाळिशीनंतर प्रथमच असं झालेल्या ज्या पुरुषाला मधुमेह माहीत नसतो, त्यानं आधी साखर तपासावी.

आता तुमच्या गोळ्या पाहा. मधुमेहाच्या गोळीत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती साखर मुद्दाम लघवीवाटे बाहेर काढते, आणि हा संसर्ग तिचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. हृदय आणि मूत्रपिंडाला ही गोळी फार उपयोगी असल्यानं मनानं बंद करू नका. डॉक्टरांना खाजेबद्दल सांगा. बहुतेकजण लाजून हेच सांगत नाहीत.

उपचार असा. दिवसातून दोनदा नुसत्या पाण्यानं धुवा, जेवढी कातडी सहज सरकते तेवढीच सरकवा आणि सुती कापडानं टिपून कोरडं करा. साबण, डेटॉल, सॅव्हलॉन, हळद यांपैकी काही नको, सगळ्यांनी आग वाढते. मग क्लोट्रिमाझोल १ टक्का मलमाचा पातळ थर सकाळ-संध्याकाळ लावा. तीन दिवसांत बरं वाटलं तरी दोन आठवडे पूर्ण करा. लघवीनंतर शेवटचे थेंब टिपायला विसरू नका. बायकोनं स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून एकाच वेळी उपचार घ्यावेत, आणि तोवर संबंध नकोत.

आधीच्या मलमाची नळी असेल तर त्यावरची बारीक अक्षरं वाचा. बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकाच नळीत घातलेली मलमं आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सर्रास मिळतात. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर कारण तेच. स्टेरॉइडनं खाज दोन दिवसांत दबते, पण कातडीची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी पसरते. इथली कातडी पातळ असल्यानं औषध जास्त शोषलं जातं. महिनोन्‌महिने लावलं तर ती आणखी पातळ होते, जांघेत कायमचे पांढरट पट्टे उठतात. जांघेतल्या गजकर्णाचं हल्ली जे चिघळलेलं रूप दिसतं, त्यात या नळ्यांचा वाटा मोठा आहे.

कातडी जोर लावून मागे ओढू नका. मागे जाऊन ती बोंडामागे अडकली आणि पुढे येईना, तर पुढचा भाग सुजत जातो. अशा वेळी ओल्या गार फडक्याची घडी बोंडाभोवती धरून मुठीत पाच ते दहा मिनिटं सलग दाबा. अधूनमधून उघडून पाहिलंत तर सूज परत भरते. सूज उतरली की दोन्ही अंगठ्यांनी बोंड मागे ढकला आणि बोटांनी कातडी पुढे ओढा. जमलं नाही किंवा बोंड काळपट दिसू लागलं तर लगेच रुग्णालय गाठा. लघवीची नळी घातलेल्या वृद्धांत हे नेहमी होतं, कारण नळी घातल्यावर कातडी पुढे आणायची राहून जाते. घरात असा रुग्ण असेल तर रोज पाहत जा.

साखर आटोक्यात येऊन, मलम पूर्ण होऊनही कातडी पांढरट आणि कडक राहिली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. काहींना नंतर सुंता करावी लागते, आणि त्यानं हा त्रास कायमचा संपतो.

प्रश्न : तालमीत जातो, वय १९. महिन्यातून तीन-चार वेळा झोपेत वीर्य जातं. वस्ताद म्हणतात, रक्ताच्या चाळीस थेंबांचा एक थेंब होतो. दुसऱ्या दिवशी अंगात ताकद नसते. सकाळची लघवीही कधी पांढरट. स्टँडवरच्या जाहिरातीतला डॉक्टर आठ हजार मागतो. — कोल्हापूर

उत्तर : आठ हजार खुराकावर खर्च करा.

एका वेळचं वीर्य दीड ते पाच मिलिलिटर, म्हणजे जास्तीत जास्त एक चहाचा चमचा. त्यातला दोनतृतीयांश भाग शुक्राशयाचा स्राव, बाकी बहुतेक प्रोस्टेटचा, आणि प्रत्यक्ष शुक्रजंतू शेकडा दोन ते पाच. रक्त आटवून यातलं काही बनत नाही. पाच मिलिलिटरमध्ये प्रथिनं साधारण पाव ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. महिन्यातून चार वेळा गेलं तर एका अंड्याच्या सहाव्या हिश्शाएवढं गेलं. झोपेत वीर्य जाणं तुमच्या वयात नेहमीचं आहे. त्यात दोष नाही, आणि ते बंद करायचं औषधही नको.

तरीही दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं वाटतं ते खोटं नाही. ते येतं भीतीतून. भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या त्रासाला धात सिंड्रोम असं नावच दिलं. यात अशक्तपणा, झोप न लागणं, धडधड, मन न लागणं ही लक्षणं असतात, पण वीर्य कमी झाल्यानं कसलीच होत नाहीत. मराठी नियतकालिकात या विषयावर सरळ उत्तरं देणं सोपं नव्हतं. र. धों. कर्वे यांच्यावर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ साली अश्लीलतेचा खटला चालला, आणि त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. प्रश्न अजून तेच येतात.

लघवीचं पाहू. मांसाहार, दूध आणि कमी पाणी यांमुळे लघवीत फॉस्फेटचे कण येतात आणि ती गढूळ दिसते. स्वच्छ काचेच्या पेल्यात लघवी घेऊन पांढऱ्या व्हिनेगरचे दहा-बारा थेंब टाका. निवळली तर फॉस्फेट, पाणी वाढवा. न निवळता दुधासारखीच राहिली, जळजळ किंवा ताप असला तर लघवीची तपासणी करा.

ताकद कमी पडते याची खरी कारणं शोधायची तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा, पुरेशी झोप घ्या, घामावाटे गेलेलं मीठ-पाणी भरून काढा. दोन महिने मन उदास असेल तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. वस्तादांचा मान कुस्तीतल्या शिकवणीसाठी ठेवा.

प्रश्न : वय ५४, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट दिलीय. मित्रानं ताठरतेची गोळी दिली. घेतल्यावर डोकं दुखलं, चेहरा तापला, नाक चोंदलं. चार तासांत गेलं. पुन्हा घेऊ का? — ठाणे

उत्तर : डोकेदुखी आणि तापलेला चेहरा हे त्या गोळीचे नेहमीचे, निरुपद्रवी परिणाम. धोका सॉर्बिट्रेटचा आहे. दोन्ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आली की रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. ताठरतेच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यावर चोवीस तास आणि टाडालाफिल घेतल्यावर अठ्ठेचाळीस तास सॉर्बिट्रेट किंवा कोणतंही नायट्रेट चालत नाही. संबंधांच्या वेळी छातीत दुखलं तर थांबा, बसा, १०८ बोलवा, सॉर्बिट्रेट घेऊ नका, आणि येणाऱ्या डॉक्टरांना गोळीचं नाव नि वेळ सांगा. बायकोलाही हे माहीत असू द्या, तेव्हा सांगायच्या स्थितीत तुम्ही नसाल.

हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. नायट्रेटची गरज उरली नसेल तर ते बंद करून गोळी सुरू करता येते. दोन जिने न थांबता, छातीत न दुखता चढता येत असतील तर संबंधांचा ताण हृदयाला सहसा झेपतो. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिनंही रक्तदाब उतरतो. परवानगी मिळाल्यावर सिल्डेनाफिल तासभर आधी आणि हलक्या पोटी घ्यायचं. तळणीचं जेवून घेतलं तर उशिरा लागू पडतं, मग माणूस दुसरी गोळी घेतो आणि दोन्हींचा परिणाम एकदम होतो. 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकलेल्या ताकदीच्या पुड्या तुम्ही तर हातच लावू नका. अशा पुड्यांत सिल्डेनाफिल मिसळलेलं वारंवार सापडलं आहे, आणि किती ते पुडीवर लिहिलेलं नसतं.

ज्यांना हृदयविकार झालेला नाही त्यांच्यासाठी: लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबी साचून त्या अरुंद होऊ लागल्या की लहान आधी तुंबतात. चाळिशी-पन्नाशीत ताठरता हळूहळू कमी झाली, पहाटेचीही येईनाशी झाली, तर गोळी मागण्याआधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घ्या.

थोडक्यात उत्तरं

*संबंधांच्या वेळी बोंडाखालची शीर तुटून रक्त आलं (औरंगाबाद, २७).* स्वच्छ रुमालानं दहा मिनिटं सलग दाबा, मध्ये उघडून पाहू नका. दोन आठवडे संबंध आणि हस्तमैथुन बंद. परत त्याच जागी फाटलं तर छोटीशी शस्त्रक्रिया करून ती पट्टी लांबवतात, कारण भरलेली जखम आखूड होऊन पुन्हा पुन्हा फाटते.

*वीर्यात तांबूस रंग (नागपूर, ३३).* चाळिशीच्या आत, एखाद-दोनदा, इतर त्रास नसेल तर बहुतेकदा आपोआप जातं. रंग आधी लाल, मग तपकिरी होत पुढच्या काही वीर्यपातांपर्यंत टिकतो. महिन्याहून जास्त राहिलं, लघवीतही रक्त आलं किंवा वय चाळिशीपुढे असेल तर तपासणी करा.

*कंडोमबरोबर खोबरेल तेल (रत्नागिरी, २९).* नको. तेलानं लॅटेक्स काही मिनिटांतच कमकुवत होतो आणि कंडोम फाटतो. पाण्यावर आधारित किंवा सिलिकॉनचं वंगण वापरा.

*संबंधांच्या शेवटी अचानक डोक्यात घण घातल्यासारखं दुखलं, तासाभरात कमी झालं (मुंबई, ३८).* पहिल्यांदा असं झालं असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन मेंदूचा सीटी स्कॅन करा. बहुतेकदा काही निघत नाही, पण मेंदूतला रक्तस्राव असाच सुरू होतो.

*ताठ असताना वाकलं, कट असा आवाज आला, लगेच ताठरता गेली, निळंकाळं सुजलं (बीड, ३५).* आतलं आवरण फाटलं असणार. बर्फ लावत बसू नका, त्याच दिवशी मूत्ररोगतज्ज्ञाकडून शिवून घ्या. वाट पाहिली तर लिंग वाकडं होऊन राहतं.

प्रश्न : सिकलसेल आहे, वय २२. पहाटे ताठ होऊन जाग येते, मनात काही नसतं, आणि दोन-दोन तास उतरत नाही. फार दुखतं. आठवड्यातून एकदा तरी. कुणाला सांगायची लाज वाटते. — गडचिरोली

उत्तर : हा सिकलसेलचाच भाग आहे, तुमच्या वागण्याशी त्याचा संबंध नाही. झोपेत प्रत्येक पुरुषाला रात्री तीन ते पाच वेळा ताठरता येते आणि उतरते. तुमच्यात कोयत्याच्या आकाराच्या तांबड्या रक्तपेशी लिंगातून बाहेर पडणाऱ्या शिरांत अडकतात, रक्त आत कोंडतं, त्यातला प्राणवायू संपतो, आणि प्राणवायू संपला की आणखी पेशी आकार बदलतात. असे छोटे झटके पुढे येणाऱ्या मोठ्या झटक्याची सूचना असतात. चार तासांहून जास्त कोंडलं तर आतले स्नायू मरू लागतात आणि नंतर कायमचा नपुंसकपणा येऊ शकतो.

जाग आली की घड्याळ पाहा. लघवी करा, दोन-तीन ग्लास पाणी प्या, अंगणात चाला किंवा पायऱ्या चढा-उतरा, कोमट पाण्यानं अंघोळ करा, पॅरासिटामॉल घ्या. पहिल्या पत्रातला गार फडक्याचा उपाय तुमच्यासाठी नाही, थंडीनं पेशी आणखी अडकतात. हस्तमैथुनानं मोकळं व्हायचा प्रयत्नही करू नका. दोन तास झाले की निघायचंच, कारण जिल्हा रुग्णालय गाठायला तुमच्याकडे दोन तास सहज लागतात. तिथं सुईनं कोंडलेलं रक्त काढतात आणि शिरा आकसणारं औषध टोचतात. सिकलसेलचं कार्ड खिशात ठेवा आणि दारातच 'चार तास होत आलेत' हे सांगा.

झटका नसतानाही या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. सिकलसेलवरची हायड्रॉक्सियुरिया ही गोळी चालू नसेल तर ती सुरू करायची का हे विचारा, चालू असेल तर डोस नीट आहे का ते पाहतील. झोपण्यापूर्वी दोन ग्लास पाणी प्या, दारू टाळा, ताठरतेच्या गोळ्या घेऊ नका. झोपेसाठी किंवा मनासाठी ट्रॅझोडोनसारखी गोळी चालू असेल तर ती दाखवा, कारण तिनंही असं होतं. प्रत्येक झटक्याची तारीख, सुरू झाल्याची आणि उतरल्याची वेळ वहीत लिहून न्या. तोंडानं सांगायला लाज वाटली तर वही पुढे करा, डॉक्टरांना तेवढं पुरतं.